आर्गॉन लावून पाहिलंत का?

संस्थेच्या वसाहतीतलं ते कोपऱ्यावरचं घर लांबूनही ओळखू यायचं. मागच्या अंगणात दोरीवर बाळाचे लंगोट एका ओळीत वाळत असायचे आणि पुढच्या व्हरांड्यात सर चहाचा कप हातात धरून कुणाला तरी काहीतरी समजावून सांगत असायचे. वसाहतीत त्यांना सगळे 'सर'च म्हणत. त्यांची बायकोसुद्धा. लग्न झालं तेव्हा नवऱ्याला नावाने हाक मारायची सोय नव्हती, आणि 'अहो' म्हटलं की घरात शिकायला आलेली चार पोरं वळून बघायची. म्हणून तीही 'सर' म्हणू लागली आणि ते तसंच राहिलं. पुढे मुलगा शिकून सरांच्याच रसायनशास्त्र विभागात लागला, तेव्हा तो आपोआप 'धाकटे सर' झाला.

सून मात्र कुणीच झाली नाही. खरं तर ती त्याच्याच वर्गातली, त्याच विषयात डॉक्टरेट मिळवलेली. लग्नानंतर ती सरांच्याच प्रयोगशाळेत काम करू लागली. कुणी विचारलं की सर हसून म्हणायचे, "ती होय? ती घरचीच आहे."

काम अवघड होतं आणि मोलाचंही. आपल्या भोवतीच्या हवेत नायट्रोजन भरपूर. आमच्या शाळेच्या पुस्तकांत त्याला नत्रवायू म्हणत. पण त्याच्या दोन अणूंची गाठ इतकी पक्की असते की ती सोडवून त्याचा अमोनिया करायला, म्हणजे पुढे त्याचं खत करायला, भले मोठे कारखाने लागतात, धगधगत्या भट्ट्या लागतात. सरांचं स्वप्न असं, की साध्या काचेच्या भांड्यात पाणी घ्यावं, हवेतला नायट्रोजन त्यात बुडबुड सोडावा, थोडी वीज द्यावी, आणि अमोनिया व्हावा. ती गाठ सोडवायला मदतनीस म्हणून महागडे धातू नकोत, साधा कार्बन हवा. तो कार्बन ते साखर आणि युरिया एकत्र दळून, भट्टीत भाजून करत. काळी, हलकी, बोटाला चिकटणारी पूड. दळायचं काम सुनेकडे, भाजायचं सुनेकडे, भांडी घासायचं सुनेकडे. वीज देऊन झाली की भांड्यातलं थोडं पाणी काचनळीत घ्यायचं, त्यात दोन औषधांचे थेंब टाकायचे आणि वाट बघायची. अमोनिया असेल तर पाणी निळं होतं. जितका अमोनिया जास्त, तितका निळा गडद.

निळा रंग यायचा. चांगला यायचा. सरांनी पहिल्यांदा नळी खिडकीच्या उजेडात धरली तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते ढोंग नव्हतं.

प्रयोगशाळेच्या दारामागे एक सिलिंडर उभा असायचा. आर्गॉनचा. आर्गॉन हा असा वायू, की तो कुणाशी बोलत नाही, कुणाशी जोडला जात नाही. त्याच्यापासून अमोनिया होणं शक्यच नाही. म्हणून अशा कामात एक रीत आहे: नायट्रोजनच्या जागी आर्गॉन सोडून सगळा प्रयोग पहिल्यापासून तसाच करायचा. रंग आला नाही, तर आपला अमोनिया खरोखर नायट्रोजनचा. रंग आलाच, तर तो दुसरीकडून कुठून तरी आलाय, आणि आपण फसलोय.

पण त्या प्रयोगशाळेत हा सिलिंडर कधी उघडला जात नसे. त्याच्यावर सगळ्यांचे ॲप्रन लटकलेले असायचे. तिथले मदतनीस, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते नव्या पोरांना सांगायचे, "हे आमचे जावईबापू. कोपऱ्यात बसून असतात, काही करत नाहीत, आणि त्यांना काही बोलायची कुणाची टाप नाही."

सुनेने नवी नवी असताना एकदा विचारलं होतं, "बाबा, आर्गॉन लावून बघूया का?"

सर हसले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "म्हणजे आता सुनेने सासऱ्याची परीक्षा घ्यायची?"

सगळे हसले. धाकटे सरही हसले. त्या हसण्याने जे झालं ते कुठल्याही हुकमाने झालं नसतं. त्यानंतर तिथे आर्गॉनचं नाव काढणं म्हणजे सरांवर अविश्वास, आणि अविश्वास म्हणजे उद्धटपणा, असं ठरूनच गेलं. तिला दिसत होतं, की ताज्या कार्बनचा निळा गडद येतो आणि तोच कार्बन परत वापरला की रंग फिका पडत जातो. तिने ते नवऱ्याला सांगितलंही. तो म्हणाला, "ताजं ते ताजंच गं."

शोधनिबंध छापून आला. त्यावर सरांचं नाव होतं, धाकट्या सरांचं होतं, दोन विद्यार्थ्यांचंही होतं. सुनेचं नव्हतं.

"अगं, एकाच घरातली तीन नावं बरी दिसत नाहीत," सर म्हणाले. "लोक म्हणतील, घरचं दुकान मांडलंय."

सासूबाईंनी तो छापील निबंध हातात घेऊन उलटून पाहिला आणि टेबलावर ठेवला. त्याही रसायनशास्त्राच्या पदवीधर. सरांच्या प्रबंधातले सगळे आलेख त्यांनी काळ्या शाईने काढले होते, मांडीवर हाच मुलगा झोपलेला असताना. रेघ हलू नये म्हणून श्वास रोखून धरायच्या. प्रबंधाच्या शेवटी एक ओळ होती: कुटुंबीयांचे सहकार्य लाभले. त्या काळी तेवढ्यानेही त्यांना केवढं बरं वाटलं होतं! ती ओळ त्यांनी माहेरी जाऊन वाचून दाखवली होती.

मग बाळ झालं. काही महिन्यांनी सून कामावर परतली आणि नात आजीच्या पदरात आली.

निबंधाचा गवगवा झाला. संस्थेत सरांचं मोठं व्याख्यान ठेवलं गेलं. सभागृह भरलं होतं. व्याख्यान संपलं, टाळ्या झाल्या, आणि परगावच्या संस्थेतून आलेल्या एक बाई उठल्या. साध्या, बसक्या आवाजाच्या.

"सर, आर्गॉन लावून पाहिलंत का?"

"आम्हाला तशी गरज पडली नाही," सर म्हणाले.

"गरज पडायची वाट बघायची नसते ना, सर. आम्ही तुमच्यासारखाच कार्बन केला. पहिल्यांदा निळा छान आला. मग फिका, मग येईनाच. नुसत्या आर्गॉनवरसुद्धा तसंच झालं. म्हणून विचारलं. या कामात अमोनिया इतका थोडा असतो, की श्वासातून येतो, हाताच्या घामातून येतो. आम्हीही आधी फसलोच होतो."

शेवटचं वाक्य त्यांनी सरांना उतरायला हात द्यावा तसं म्हटलं होतं. सरांनी तो हात घेतला नाही. "तपासून सांगतो," एवढंच म्हणाले. संचालकांनी तिथेच सांगून टाकलं, की पुढच्या आठवड्यात सगळ्या विभागापुढे याचा खुलासा होईल.

त्या दिवशी जेवताना तोच विषय निघाला. ताण हलका करायचा म्हणून सासूबाई म्हणाल्या, "हाताच्या घामातूनसुद्धा येतो म्हणे! मग माझ्या हाताला तर कारखानाच म्हणायला हवा. दिवसभर लंगोटांचा वास, तोही अमोनियाचाच. कितीही साबण लावा, जातच नाही मेला."

त्या स्वतःच हसल्या. सर हसले नाहीत. त्यांचा घास हातातच राहिला होता आणि ते सुनेच्या हातांकडे बघत होते.

"सकाळी निघताना बाळाचं तूच बदलतेस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"आणि तशीच प्रयोगशाळेत येतेस."

"हात धुऊन येते, बाबा. हातमोजे घालते."

"धुऊन जात नाही, ऐकलंस ना आत्ता?" सरांचा आवाज अगदी मऊ होता. "हे बघ, कुणी तुला दोष देत नाही. नवी आई आहेस, झोप नाही, धावपळ आहे. होतं असं. सभेत तू उभी राहून एवढंच सांग, की मोजमाप मी करत होते आणि माझ्या हातून अशी अशी चूक झाली असावी. लोक समजून घेतील. उलट कौतुकच करतील, की प्रामाणिक आहे."

"पण रंग बाळ व्हायच्या आधीपासून येतोय."

"तारखा कोण बघतंय?"

"आणि निबंधावर माझं नावच नाही. जिचं नाव नाही तिने चूक कबूल करायची?"

"अगं, घरचीच तू. नावाचं काय घेऊन बसलीस? तुझं काय जाणार आहे यात? माझी चाळीस वर्षं जातील."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो ताटातली भाजी एका बाजूला सारत होता, मग दुसऱ्या बाजूला. घरात मोठ्यांसमोर ती त्याला 'अहो' म्हणत असे, प्रयोगशाळेत 'तू'. त्या क्षणी तिला दोन्हीपैकी काहीच म्हणता आलं नाही.

सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. नळ सोडला आणि उगीचच हात धूत राहिल्या. आपण गंमत म्हणून टाकलेला शब्द आपल्याच माणसाने उचलून कुणाच्या तोंडाला फासला, हे त्यांना कळत होतं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत सून नवऱ्याला म्हणाली, "माझ्या हातांचा दोष आहे ना? मग माझे हात बाहेर ठेवते. तू कर. भांडी तू घास, पूड तू घे, नळी तू भर. मी आत पाऊलसुद्धा टाकत नाही. फक्त नायट्रोजनऐवजी हा लाव." तिने दारामागे बोट दाखवलं.

"बाबांना विचारून..."

"बाबांना विचारून माझे हात घाण ठरले. आता कुणाला न विचारता बघ."

ती बाहेर जिन्याजवळच्या बाकावर जाऊन बसली. मामांनी सिलिंडरवरचे ॲप्रन एकेक करून उतरवले. वरचं झाकण गंजून बसलं होतं. पान्याने दोन ठोके घातले तेव्हा हललं. "उठा जावईबापू," मामा म्हणाले, "लागा कामाला." नेहमीसारखं कुणी हसलं नाही.

धाकट्या सरांनी सगळं नीट केलं. ते कामात कच्चे नव्हतेच. आर्गॉन बुडबुडत राहिला, वीज जात राहिली. मग त्यांनी नळीत पाणी घेतलं, दोन्ही औषधं टाकली आणि वाट पाहिली.

दाराच्या काचेतून सुनेला नळी दिसत नव्हती. नवऱ्याचा चेहरा तेवढा दिसत होता. तो चेहरा पाहून तिला कळायचं ते कळलं. पण नुसतं कळून भागणार नव्हतं. तिच्या हातांवर आळ होता. तिने स्वतः शंभरदा करून दाखवलं असतं तरी उत्तर एकच मिळालं असतं: हात तुझेच. आता तिला सोडवू शकेल असा एकच शब्द होता, आणि तो त्याच्याजवळ होता.

त्याने नळी मोरीत ओतली, विसळली आणि बाहेर आला.

"कोणता रंग?" तिने विचारलं.

"आधी बाबांशी बोलतो."

तो बोलला. घरी, व्हरांड्यात, दार लोटून घेऊन. "निळा आला, बाबा. तेवढाच गडद. युरिया घालून भाजतो ना आपण कार्बन, त्याच्यातच नायट्रोजन अडकून राहतो आणि वीज दिली की अमोनिया होऊन सुटतो. आपण खतातून खत काढत होतो. हवेचा त्यात काही संबंध नाही."

सरांनी हातातला चहाचा कप कठड्यावर ठेवला. "एका प्रयोगावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. "सभेनंतर सावकाश बघू."

"आणि ती?"

"ती घरचीच आहे रे."

दाराच्या अलीकडे, नातीच्या लंगोटांच्या घड्या घालत बसलेल्या आईने हे सगळं ऐकलं.

सभेच्या दिवशी सासूबाई बाळाला घेऊन मागच्या रांगेत येऊन बसल्या. सभा लांबली तर पोर भुकेने रडेल, असं त्यांनी सांगितलं होतं. सर उठले. त्यांनी कामाचं महत्त्व सांगितलं, अडचणी सांगितल्या आणि मग हसऱ्या चेहऱ्याने म्हणाले, "आता खुलाशाचं. आमच्या घरी नुकताच एक नवा, फार कार्यक्षम अमोनियाचा उगम आला आहे. सात महिन्यांचा. मोजमापाचं काम आमच्या सूनबाई बघतात. आईची माया मोठी असते, ती हातमोज्यांतूनही पाझरते..."

सभागृहात हशा पिकला. मोकळा, घरगुती हशा. तिच्या वर्गातले लोक हसले, तिच्याकडे शिकलेल्या दोन मुली हसल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. एका बाईला सगळ्यांसमोर उघडं पाडायला मनात वाईट असावंच लागतं असं नाही.

"त्या स्वतःच दोन शब्द सांगतील," सर म्हणाले.

सून उठली. तिने आपले हात पुढच्या खुर्चीच्या पाठीवर ठेवले. सगळे त्या हातांकडेच बघत होते.

"मी चूक कबूल करणार नाही," ती म्हणाली. "मी ती केलेली नाही. गेल्या आठवड्यात आर्गॉन लावून प्रयोग झाला, त्यात माझा हातच नव्हता. मी बाहेर बाकावर बसले होते. रंग कोणता आला, ते मला अजून कुणी सांगितलेलं नाही. ज्यांनी पाहिला त्यांना विचारा."

माना धाकट्या सरांकडे वळल्या. ते वडिलांकडे बघत होते. वडील टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासाकडे. संचालक म्हणाले, "हा विषय आपण घरगुती पातळीवर..."

"कोणता रंग आला रे?"

आवाज मागून आला होता. सासूबाई बाळाला खांद्यावर घेऊन उभ्या होत्या. चारचौघांत त्या कधी बोलल्या नव्हत्या. वसाहतीतल्या कित्येकांनी त्यांचा आवाज त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

"आई, तू..."

"लहानपणी काच फोडलीस की असाच उभा राहायचास. मी कोण फोडली ते विचारत नाही. रंग विचारतेय. सांग."

धाकट्या सरांची मान खाली गेली. "निळा," ते म्हणाले.

"मोठ्याने. व्हरांड्यात बाबांना सांगितलंस ना, दारामागे मला ऐकू आलं तेवढ्या जोराने तरी."

"निळा आला. आर्गॉनवरच आला. तिचा काही दोष नाही. अमोनिया कार्बनमधूनच येत होता, पहिल्यापासून."

टाळ्या वाजल्या नाहीत. मघाशी हसलेली माणसं आपापल्या चपला बघत बसली. सर खाली बसले. ते एकदम लहान दिसायला लागले. त्या माणसाने जन्मभर रात्रीचा दिवस केला होता, त्याचं स्वप्न खोटं नव्हतं, त्याला फक्त कुणी कधी 'तपासून बघा' म्हणू शकलं नव्हतं. घरातही नाही आणि प्रयोगशाळेतही नाही. आपण मोठ्या माणसांचा मान ठेवतो म्हणतो, तेव्हा पुष्कळदा आपण त्यांना असंच फसू देत असतो. आणि फसगत उघडी पडली, की भरपाई करायला घरातली सर्वांत शेवटची बाई शोधतो.

परतताना सून पुढे चालत होती, बाळ तिच्या कडेवर. नवरा मागून आला.

"मी खरं सांगितलं," तो म्हणाला.

"सांगितलंस. आईंनी विचारल्यावर." ती थांबली नाही. "त्या आधी मी तुझ्या शेजारी बसून जेवत होते, तुझ्या शेजारी झोपत होते. मला सांगायला कुठली सभा लागणार होती?"

तो वाटेतच मागे राहिला.

निबंध मागे घेतला गेला. महिन्याभरात सून बाळाला घेऊन परगावी, त्या बसक्या आवाजाच्या बाईंच्या प्रयोगशाळेत रुजू झाली. पहिल्याच दिवशी तिने आपल्या कार्बनची पूड भांड्यात घातली आणि आधी आर्गॉन सोडला. तिच्या हाताखालच्या पोरांना ती आता एवढं एकच आधी शिकवते: ज्याच्या नावावर सगळं चाललंय, त्याला एकदा बाजूला काढून बघा. तरीही रंग आला, तर तो कुणाच्या अंगातून येत होता ते शोधा. घरात शोधलं तरी चालेल. लाज वाटायचीच असेल तर ती इतकी वर्षं न शोधल्याची वाटू द्या.

सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र वसाहतीने एक वेगळंच दृश्य पाहिलं. कोपऱ्यावरच्या घराच्या मागच्या अंगणात सर एकटे उभे होते. बादलीतून एकेक लंगोट दोन बोटांनी उचलत होते, धड पिळता येत नव्हता, दोरीवर टाकला की घसरून खाली पडत होता. सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या होत्या. त्या हसल्या नाहीत आणि मदतीलाही गेल्या नाहीत.

शेवटचा लंगोट टाकून झाल्यावर सरांनी आपला हात नाकाशी नेला आणि तसाच धरून ठेवला. इतक्या वर्षांत त्या घरात खरा अमोनिया तेवढाच झाला होता, आणि तो आजवर बायकांच्याच हातांना लागला होता.